एक ढेप, जवळची

पैसे कुठे गुंतवावेत हे सांगणारी माणसं आमच्या रुक्मिणीनगरात घरटी एक आहेत. पण किती गुंतवावेत, असं विचारलं की त्यांना एकदम गॅसवर दूध ठेवल्याची आठवण होते.

गेल्या डिसेंबरात मी हा प्रश्न घेऊन अमरावतीत बरीच फिरले. माझ्याजवळ पाच लाख रुपये होते. वेतन आयोगाच्या फरकाचे हप्ते सरकारने इतके सावकाश दिले, की ते सगळे हातात पडेपर्यंत मी चौऱ्याहत्तर वर्षांची झाले आणि दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले. माझा मुलगा किशोर बँकेत शाखाधिकारी आहे. त्याच्या मते जगातल्या सगळ्या प्रश्नांना मुदतठेव हेच उत्तर आहे. लहानपणी वाढदिवसाला मिळालेला फुगासुद्धा तो न फुगवता कपाटात ठेवून द्यायचा.

“आई, शेअर बाजारातलं तुले काय समजते?” तो म्हणाला.

“तुझ्या ठेवीत तरी काय समजायचं असते? पाच वर्षांनी जायचं अन् सही करायची.”

“पैसा शाबूत राह्यते.”

“लोणचंही शाबूत राह्यते. पण मले थोडं वाढून घ्यायचं आहे.”

त्याने चष्मा काढून पुसला. चष्मा पुसल्यावर तो जे बोलतो ते बँकेचं धोरण असतं. “ठीक आहे. होळीपर्यंत तुले मोकळीक. होळीले रक्कम शाबूत दिसली, तं मी पुन्हा तोंड उघडणार नाही. कमी दिसली, तं चेकबुक माझ्याजवळ. तुले महिन्याच्या महिन्याले खर्चाले देत जाईन.”

खर्चाले देत जाईन. हे तीन शब्द मला फार लागले. माझ्या सासूबाई अंगठा करायच्या, पण मला शाळेत नोकरी लागली त्याच आठवड्यात त्या स्वतः मला पोस्टात घेऊन गेल्या आणि खिडकीतल्या बाबूला म्हणाल्या, “पुस्तक हिच्या नावानं काढा. माझ्या पोराच्या नाही.” तेव्हापासून माझ्या पैशाची सही माझीच आहे. मी चार शाळांची मुख्याध्यापिका होते. आणि आता पोटच्या पोराने मला भाजीला पैसे मोजून द्यायचे?

“मंजूर,” मी म्हटलं.

पहिली पायरी खातं उघडण्याची. आमच्या शेजारचे देवीदासजी निवृत्त मंडळ अधिकारी आहेत. त्यांनी राजापेठेजवळच्या एका दलालाच्या कार्यालयाचं नाव सुचवलं. तिथे अपेक्षा नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. तिने माझी कागदपत्रं पाहिली आणि सांगितलं की आधारवर मी सुभद्राबाई आहे, पॅनवर सुभद्रा आहे आणि पेन्शनच्या कागदावर सुभ्रदा आहे. या तिन्ही बायका एकच आहेत असं मी शंभराच्या मुद्रांकावर लिहून दिलं. मग पानामागून पान फॉर्म आला, जागोजागी चौकोन. मी जन्मभर मुलींना सांगत आले की पेपरात रिकामी जागा सोडायची नाही. त्यामुळे मी एकूण एक चौकोनात बरोबरची खूण केली. पुढचं सगळं रामायण या शिस्तीमुळे घडलं, हे आधीच सांगून ठेवते.

त्यानंतर मोबाइलवर एक तरुण प्रकट झाला. मी खरोखरच जिवंत आहे याची त्याला खात्री करून घ्यायची होती. “मॅडम, कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकवा,” तो म्हणाला. माझ्या आयुष्यात मला असं सांगण्याची कुणाची हिंमत झाली नव्हती. मी मिचकवले. “इतकं भरभर नाही, हळू.” मी हळू मिचकवले. “थोडं हसून.” चौथ्या वेळी मी मान तिरकी करून, हसत, हळूच डोळे मिचकवत असताना खिडकीत समोरच्या लीलाबाई उभ्या असलेल्या दिसल्या. त्या लगबगीने निघून गेल्या. संध्याकाळी मारुतीच्या देवळात तीन बायकांनी माझी तब्येत विचारली.

खातं उघडलं. आता प्रश्न असा, की किती कुठे घालायचे?

देवीदासजींनी माझ्याच दिवाणखान्यात बसून, माझाच चहा पिऊन मला नियम सांगितला. “मॅडम, एका जागी दोन टक्क्याच्या वर धोका पत्करायचा नाही. बुडालं तरी माणूस बुडत नाही.”

“मग तुम्ही किती घालता?”

“मी कुठं घालतो? मी अभ्यास करून राहिलो.” हा अभ्यास ते निवृत्त झाल्यापासून करताहेत.

लीलाबाईंचं गणित सोपं होतं. “मले विचारान तं सगळ्याचं सोनं घ्या. अन् घेतलं की मले दाखवा.” त्यांच्या जावयाचं म्हणणं, अर्धे अर्धे करावेत. कशाचे अर्धे, हे त्याने सांगितलं नाही. भाजीवाल्याने सगळे पैसे लसणात घालायला सांगितले, आणि खरं सांगायचं तर त्या वर्षभरात ज्याचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं असा तो एकच माणूस होता.

शेवटी मी माझा नियम स्वतःच केला. पंधरा ऑगस्टला आम्ही शाळेत लाडू वाटायचो. हुशार मुलीला दोन आणि ढ मुलीला अर्धा, असं कधी केलं नाही. प्रत्येकीला एक. कुणी रुसायचं नाही, कुणी माजायचं नाही. बाजारात तरी दुसरं काय हवं? जे घ्यायचं ते एकेक घ्यायचं. चांगलं निघालं तर आणखी एक घेऊ. मी हा नियम देवीदासजींना सांगितला तेव्हा ते बराच वेळ कपात पाहत राहिले. त्यांना सुचला नव्हता म्हणून असेल, असं मला वाटलं.

आमची सून प्रणाली या कामात माझी जोडीदार झाली. ती पुण्याची. लग्न होऊन आली तेव्हा आमचं बोलणं ऐकून तिला वाटायचं की घरात सतत भांडण चाललंय. आता तिला कळतं की भांडण असलं की आम्ही गप्प बसतो. तिने बारा कंपन्यांची यादी केली. मी फोन लावला, आवाज मोठा ठेवला आणि अपेक्षाला सांगत गेले. रंगाची एक. साबणाची एक. सिमेंटची एक. औषधाची एक. बँकेचीही एक, पण किशोरची बँक सोडून, उगीच घरात वाद नको.

“काकू, कमोडिटीत काही घ्याचं का?” अपेक्षाने विचारलं. “तुमचं थेही खातं चालू हाय.” चौकोनातली खूण बोलली ती अशी.

“त्यात काय काय असते?”

“हळद हाय, धने, जिरं, ढेप...”

ढेप म्हटल्याबरोबर प्रणालीने माझा दंड धरला. “आई, ढेप घ्या. संक्रांत आली ना, आता भाव वाढणारच.”

मला सुनेचं फार कौतुक वाटलं. संक्रांत गेली की उन्हं वाढतात, हिरवा चारा आटतो, ढोरांना ढेपेशिवाय चालत नाही. हे अकोल्यात जन्मलेल्या मला माहीत असणं ठीक. माझं माहेर जुन्या शहरातलं, मोर्णा नदीच्या अलीकडे. शाळेत जाण्याआधी घमेल्यात सरकीची ढेप भिजत घालणं हे माझं काम होतं. पण कोथरूडच्या सोसायटीत वाढलेल्या मुलीला हे कळावं?

“खरं आहे,” मी म्हटलं. “थंडीत अंगाले चांगली असते.”

“उष्ण पडते ना,” प्रणाली म्हणाली.

“दूधही वाढते.”

तिने भुवया उंचावल्या. “हो, आमच्याकडे बाळंतिणीला देतातच.”

नुकत्याच व्यालेल्या म्हशीला ती किती मायेने बाळंतीण म्हणते, हे ऐकून माझे डोळे भरून आले.

“किती घेऊ, काकू?” फोनमधून आवाज आला.

“एक.”

“जवळची का लांबची?”

हे मला पटलं. दुकानदाराने असं विचारावं. “जवळचीच दे बाई. लांबून आणायले उगीच भाडं पडते.”

अपेक्षा हसली. “जवळची, एक.”

आता ज्यांना बाजार कळतो त्यांनी इथे कपाळावर हात मारला असेल. मला तो मारायला अजून तीन आठवडे होते. जवळची म्हणजे जिची मुदत जवळ आली आहे ती, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी माझ्या डोक्यात एक पोतं होतं, जे मी अकोल्याच्या भाच्याकडे त्याच्या गाईसाठी पाठवणार होते. प्रणालीच्या डोक्यात काय होतं ते पुढे सांगते.

मोबाइलवर संदेशांचा पाऊस सुरू झाला, सगळे इंग्रजीत. अमुक रक्कम अडकवली, तमुक रक्कम वळती केली. दर संदेशाला फोन टुणटुण वाजायचा आणि किशोर जेवता जेवता मान वर करायचा. म्हणून मी आवाज बंद करून मोबाइल डाळीच्या डब्याशेजारी ठेवून दिला. बारा कंपन्या रोज वर्तमानपत्रात पाहायचे. रंग दोन रुपये वर, साबण एक रुपया खाली. एकेका शेअरची माझी काळजी पाहून लीलाबाई म्हणाल्या, “एवढं तं मी सुनेच्या बाळंतपणातही नाही केलं.”

संक्रांतीनंतर अपेक्षाचा फोन आला. “काकू, ढेपेची मुदत संपून राहिली. कटवू का ठेवू?”

कटवणं म्हणजे मुदतीआधी विकून टाकणं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं; मला तो शब्दच आवडला नाही. “कटवतेस कशाले? ठेव.”

“मंग डिलिव्हरी येईन बरं. अकोल्याच्या गोदामात.”

“बरंच झालं. अकोला माझं माहेर आहे.”

“नक्की ना, काकू?”

“अगं, मी काय घाबरते का एका ढेपेले?”

पोरीने दोनदा विचारलं, हे मी कबूल करते. तिच्या आवाजात मला आदर वाटला होता. थेट अकोल्याला जाऊन माल उचलणारी चौऱ्याहत्तर वर्षांची बाई तिने आधी पाहिली नसावी.

दुसऱ्या दिवशी तिने दोन लाख सत्तर हजार रुपये भरायला सांगितले.

“कशाचे?”

“ढेपेचे. बाकीचे आधीच कापले होते ना.”

“एका पोत्याचे?”

मग ती अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं बोलली. “काकू, एक म्हणजे पोतं नाई. एक लॉट. लॉट दहा टनाचा असते.”

मी प्रणालीला हाक मारली. ती कणिक मळता मळता तशीच आली. दहा टन ऐकून तिने स्टूल ओढलं आणि बसली. “आई, दहा टन गुळाचं आपण काय करायचं?”

“कोणचा गूळ?”

“ढेप घेतली ना आपण. गुळाची ढेप.”

“गुळाची भेली असते, बाई. ढेप म्हशी खातात.”

“म्हशी गूळ खातात?”

“सरकीची. सरकीचं तेल काढल्यावर जे राह्यते ते.”

“म्हणजे पेंड?” तिने विचारलं. “पेंडेला तुम्ही ढेप म्हणता?”

दोघींना एकदमच ती बाळंतीण आठवली असावी, कारण प्रणालीच्या तोंडावर कणकेचा हात गेला आणि मी खिडकीकडे तोंड फिरवलं. हसू यायची वेळ नव्हती. माझा एकेकाचा नियम असा दिसत होता: बारा कंपन्यांत मिळून तेरा-चौदा हजार, आणि ढेपेत तीन लाखांच्या वर. बारा मुलींना एकेक लाडू आणि तेराव्या मुलीला आचाऱ्यासकट कढई.

मागे फिरायची सोय नव्हती. न भरल्यास दंड होता. मी चेक लिहिला. सही एका दमात केली, हे प्रणाली साक्षीला आहे. किशोरला सांगितलं की हळदीकुंकवासाठी माहेरी जातो आहोत. सुनेला सोबत नेते म्हणून त्याला आनंद झाला. त्याने जाताना दोघींना बसचे पैसे दिले. माझ्या हातावर ठेवले. मी घेतले, पण खर्चाले देणं कसं वाटेल याचा नमुना मिळाला.

गोदाम अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत होतं. तिथल्या कारभाऱ्याचं नाव गजेंद्र. कानावर पेन, तोंडात सुपारी. त्याने आमचे कागद उलटे सुलटे पाहिले. “तुमी वारसदार का? सुभद्राबाई कुठं हायेत?”

“मीच.”

त्याने उठून खुर्ची दिली आणि रजिस्टर उघडलं. “धंदा काय लिहू?”

“निवृत्त मुख्याध्यापिका.”

“थो धंदा नाई जी. रकान्यात बसत नाई.” आणि त्याने माझ्या देखत, मोठ्या अक्षरांत, ‘ढेप व्यापारी’ असं लिहिलं. वर व्यापारी शब्दातली री ऱ्हस्व काढली. मी त्याचं अक्षर सुधारणार होते, पण प्रणालीने माझा पदर ओढला.

दार उघडलं तशी तो वास आला. तेलकट, कोमट, थोडा गोडसर. साठ वर्षांनी आला तरी मी लगेच परकरातली झाले. आमची चंद्री म्हैस घमेल्यात तोंड घालून असं सुस्कारायची, की माझ्या वेण्यांवर पाणी उडायचं. मी आत पाऊल टाकलं आणि वर पाहिलं. छतापर्यंत पोती.

“यातलं आपलं कोणचं?” मी विचारलं.

“या भिंतीपासून थ्या भिंतीपर्यंत सगळं तुमचंच हाय,” गजेंद्र म्हणाला. “दोनशे पोते. भाडं आजपासून सुरू.”

एका व्यापाऱ्याला त्याने फोन लावून दिला. व्यापाऱ्याने माझा आवाज ऐकला आणि बाजारभावाच्या किती तरी खाली भाव सांगितला. “आजी, तुमाले ठेवून काय कराचं हाय? पडल्या पडल्या किडे पडतीन.” मी फोन ठेवला. मग आणखी दोघे. त्यांनी आपसात बोलून घेतलं असावं, कारण किडे तिघांचेही सारखेच होते.

आम्ही भाच्याकडे मुक्काम केला आणि दोन दिवस गोदामाच्या दारात खुर्च्या टाकून बसलो. हमाल येता-जाता मला ‘मास्तरीणबाई’ म्हणायचे. पहिल्या दिवशी मी मान खाली घातली होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकाला बावीसचा पाढा विचारला, तेव्हापासून ते दुसऱ्या दाराने जाऊ लागले.

तिसऱ्या दिवशी केशरबाई आल्या. त्या शेजारच्या गोदामात ढेप घ्यायला आल्या होत्या, पण तिथला माणूस जेवायला गेला होता. नऊवारी, पायात पुरुषी चपला, हातात गाडीची किल्ली. जुन्या शहरात त्यांच्या म्हशी आहेत आणि आजूबाजूचे गवळी त्यांना विचारल्याशिवाय चारा घेत नाहीत, हे गजेंद्रने आम्हाला कानात सांगितलं.

“कोणाची हाय?” त्यांनी पोत्याला पाय लावून विचारलं.

“माझी.”

त्यांनी मला पायापासून चष्म्यापर्यंत पाहिलं. “तुमाले काय समजते ढेपेतलं?”

मी पिण्याच्या पाण्याचा पेला घेतला, पोत्यातला एक तुकडा मोडून त्यात टाकला आणि पेला दोघींच्या मधे ठेवला. हे मला आजीने शिकवलं होतं. चांगली ढेप पाण्यात फुलते आणि वर तेलाचा तवंग येतो. भेसळीची असली की खाली माती बसते. आम्ही दोघी खाली वाकून पेल्याकडे पाहत राहिलो. तुकडा फुलला. माती बसली नाही.

“कुठल्या तुम्ही?”

“इथलीच. जुन्या शहरातली. आमची चंद्री होती.”

“चंद्री कोण? बहीण?”

“म्हैस.”

केशरबाई पहिल्यांदा हसल्या आणि पोत्यावरच बसल्या. “मंग भाव सांगा. घरच्या भावानं.”

इथे माझा बांध फुटणार होता. माहेरची बाई, घरचा भाव, मी अर्ध्यात देऊन मोकळी झाले असते. पण उत्तर प्रणालीने दिलं. तिने त्या सकाळी वर्तमानपत्रातला भाव पाहून ठेवला होता आणि त्यात गोदामाचं भाडं मिळवलं होतं. तिने तो आकडा सांगितला.

“कमी करा.”

“नाही होणार.”

“दोनशे कमी करा, सगळा माल घेतो. गवळीवाडा माझ्या हातात हाय.”

“घ्या ना सगळा. पण भाव तोच आहे.” रागाने नाही, अगदी मवाळ, गोड आवाजात. आणि ती मोबाइल पाहू लागली.

केशरबाईंना हे नवीन होतं. आमच्याकडे गिऱ्हाईक दुकानातून उठून जातं, मग दुकानदार हाक मारतो, मग दोघं एकमेकांची शपथ घालतात, मग चहा येतो. इथे केशरबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, थांबल्या. कुणी हाक मारली नाही. मी मारणार होते, तर प्रणालीने माझा हात दाबून धरला. केशरबाई चपलेत पाय घोळवत उभ्या राहिल्या, परत आल्या आणि मला म्हणाल्या, “कोण्या गावची हाय वं ही पोट्टी?”

“पुण्याची.”

“हे आधी सांगाचं ना. माहा अर्धा तास वाचला असता.”

माल एकदम उठला नाही. कधी दहा पोती, कधी तीस, असा फेब्रुवारीभर जात राहिला. केशरबाई गवळ्यांना पाठवायच्या, गजेंद्र मोजून द्यायचा, पैसे खात्यात यायचे. उन्हं तापली तसा भावही थोडा चढला. मी दर दोन-चार दिवसांनी अकोल्याला जायचे. किशोर म्हणायचा, “आई, तुझं हळदीकुंकू लय दिवस चालून राहिलं.”

होळीच्या आधी गोदाम रिकामं करायचं होतं. दोन पोती उरली, तळाशी फाटलेली. केशरबाईंनी ती घेतली नाहीत. “फाटकं म्या घेत नाई, माहे गवळी नाव ठेवतीन.” देवीदासजी कसल्याशा लग्नाला नव्या गाडीने अकोल्याला आले होते, त्यांच्या डिकीत ती घालून आम्ही घरी आणली. वाटेत त्यांनी दोन टक्क्याचा नियम पुन्हा समजावून सांगितला. गाडीचा वास अजून गेलेला नाही. तेव्हापासून ते मला काही शिकवायला येत नाहीत.

पोती व्हरांड्याच्या कोपऱ्यात चादरीखाली झाकून ठेवली. रुक्मिणीनगरातल्या मोकाट गाईंना दुसऱ्या सकाळी खबर लागली. आधी एक आली, मग तिने मैत्रिणी आणल्या, मग एक सांड आला. पांढरा, थोराड, शांत. मी रोज पहाटे उठून प्रत्येकीला मूठभर टाकायचे आणि नावाने हाकलायचे. पाच मिनिटांचं काम होतं. किशोर उठायच्या आत फाटक मोकळं व्हायचं.

होळीच्या संध्याकाळी मी त्याला सगळं सांगितलं. ढेप माझ्याच डोक्यातून निघाली, असं सांगितलं. गुळाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. आता प्रणालीने स्वतःच परवानगी दिली म्हणून इथे लिहिते आहे. किशोरने आधी डोकं धरलं, मग कागद धरला. भाडं, हमाली, बसचं तिकीट, मुद्रांक. रात्रीच्या पुरणपोळीपर्यंत त्याचा हिशेब झाला.

“आई, बावीसशे कमी आहेत.”

“व्हरांड्यात दोन पोती आहेत.”

“थे पैसे नाहीत.”

“तुझी बँक व्यापाऱ्याच्या गोदामातला माल पाहून कर्ज देते ना? मग माझा माल काय अंगारा आहे?”

त्याने चष्मा काढून पुसला. “आई, अट म्हणजे अट.”

प्रणाली काही बोलणार होती. मी तिला थांबवलं. जन्मभर मुलींना एका गुणाने नापास केलेली बाई मी, स्वतःसाठी काय मागणार? आतून चेकबुक आणलं, पासबुक आणलं, टेबलावर ठेवलं. मग एक कोरा कागद घेतला.

“हे कशाले?”

“चार्ज देते आहे. चार शाळांचे घेतले अन् चार दिले. चार्ज अर्धा घेता येत नाही. एका शाळेत मी फुटका पृथ्वीगोल अन् एक पाय नसलेला सांगाडा सही करून घेतला होता. लिही. चेकबुक एक. पासबुक एक. ढेपेची पोती दोन, फाटकी. अन् त्याखाली सही कर.”

त्याने हसत हसत सही केली. बँकेतल्या माणसाला सही करायला काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी धुळवड, सुट्टी. तो उशिरापर्यंत झोपला. मीही उठले नाही. जागी होते, पण उठले नाही. आधी फाटक हललं. मग हंबरणं सुरू झालं. मग लीलाबाईंचा आवाज आला, “साहेब, ढेप टाका जी, सांड आत घुसून राहिला.” किशोर लुंगीवर बाहेर गेला. काठी घेऊन गेला, ती सांडाने हुंगली. तो पोतं ओढायला गेला, तर फाटलेल्या बाजूने ढेप त्याच्यामागे सांडत गेली आणि ढेपेमागे गाई. त्या दिवशी कॉलनीत रंग कुणी खेळलं नाही, सगळे आमच्या फाटकाशी उभे राहून सल्ले देत होते.

तिसऱ्या दिवशी त्याला बँकेत जायचं होतं. सांड त्याच्या स्कूटरला टेकून बसला होता. साडेदहाला किशोर आत आला. त्याच्या इस्तरीच्या पँटवर गुडघ्याला हिरवा डाग होता. त्याने चेकबुक आणि पासबुक माझ्या पलंगावर ठेवलं.

“काय झालं?”

“चार्ज परत घे.”

“कमी पडले होते ना बावीसशे?”

“माल धरला,” तो म्हणाला. “माल धरून शाबूत आहे.”

मी चेकबुक उशाखाली ठेवलं आणि बाहेर गेले. मूठ मूठ ढेप टाकली, एकेकीला नाव घेऊन हाकललं. सांडाच्या पाठीवर थाप मारली तसा तो उठून निघाला. किशोर स्कूटर काढताना जरा घुटमळला.

“आई, ही पोती किती दिवस पुरतीन?”

मी पोत्यांकडे पाहिलं. एक संपलं होतं आणि दुसरं अर्धं होतं. “पाडव्यापर्यंत,” मी म्हटलं.

तो निश्चिंत होऊन बँकेत गेला. खरं तर सकाळीच केशरबाईंना फोन करून मी आणखी दोन पोती मागवली होती. ढेप माझीच, त्यांना विकलेली. भाव मात्र त्यांचा.